डाव्या डोळ्याखालचं काजळ

अक्षदा शिकलेली होती. राहू गावात ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नसती, पण तिने ती येऊ दिली. शिरूरच्या कॉलेजातून रसायनशास्त्राची बी.एस्सी., तीही फर्स्ट क्लास. त्यामुळे लग्न होऊन आल्यावर डाळीत सोडा का टाकू नये इथपासून फवारणीचा पंप कुठं धुवावा इथपर्यंत घराला बरंच ऐकावं लागलं. घराने ऐकलं. दीड एकर शेवंती आणि एकरभर झेंडू सांभाळणाऱ्या माणसांना कान उघडे ठेवून हात चालू ठेवायची सवय असते.

सासू काही परकी नव्हती. अनसाबाई म्हणजे अक्षदाच्या वडिलांची, आण्णांची, सख्खी थोरली बहीण. मामाची मुलगी आत्याच्या घरात जायची हे अक्षदा दुपट्यात होती तेव्हापासून बोलून झालेलं. नवरा सम्राट, ज्याच्याशी तिने लहानपणी चिंचेवरून मारामाऱ्या केल्या होत्या. ‘अगं आत्या’ची ‘अहो आत्या’ झाली, एवढाच काय तो लग्नाने फरक पडला. मंडपात आण्णा डोळे पुसत म्हणाले होते, “घरातलं घरातच राह्यलं. पोरीला पाणी कुठल्या माठात असतंय ते बी सांगायला नको.”

पोरीला खरंच सांगायला नको होतं. तिला काहीच सांगायला नको होतं.

कस्तुरी झाली आणि घरात लढाई सुरू झाली ती काजळावरून. पाचवीच्या दिवशी अनसाबाईंनी एरंडेलाचा दिवा लावला, वर पितळी ताटली उपडी घातली आणि घरचं काजळ पाडलं. अक्षदा बाजेवरून म्हणाली, “आत्या, बाळाच्या डोळ्यात काजळ घालायचं नाही. इन्फेक्शन होतं.”

“मंग सोता कशाला घालतीस गं?”

“माझं कंपनीचं आहे.”

“ह्ये बी कंपनीचंच हाय. अनसाबाई आन् कंपनी.”

तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नये, हे अक्षदाचं म्हणणं बरोबर होतं. ते इथंच नोंदवून ठेवलेलं बरं, कारण यापुढे बरेच दिवस ती कशातच बरोबर आलेली नाही.

दहाव्या दिवशी कस्तुरीची नाळ पडली आणि बेंबीतून रक्त यायला लागलं. थांबायचं, पुन्हा यायचं, चार दिवस दुपटी बदलावी लागली. अक्षदाने ताबडतोब कारण शोधलं: आत्याने लावलेली हळद. दीड महिन्याची झाल्यावर लस दिली, तर मांडीवर लिंबाएवढी निळी गाठ आली आणि पंधरा दिवस बसली नाही. कारण तयार होतं: नर्सला सुई धरता येत नाही. त्यावर अक्षदाने मोबाईलवर स्टेटस ठेवलं, गावातल्या साठ जणांनी पाहिलं, सत्तावन्न जणांनी अंगठा दाखवला. पुढे कस्तुरीच्या दंडावर, पाठीवर अधूनमधून निळे ठिपके दिसायचे. त्याचा दोष सम्राटच्या दाढीपासून पाळण्याच्या दोरीपर्यंत सगळ्यांना वाटून झाला. माणसं मोजकी होती म्हणून, नाहीतर अक्षदाचा हात आखडता नव्हता.

कस्तुरी साडेतीन महिन्यांची झाली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याखाली काळं दिसलं.

“आत्या! लावलंत ना काजळ?”

“न्हाई बया. तू नको म्हणल्यापास्नं तीट बी तळपायाला लावती.”

“मग हे काय आहे?”

अनसाबाईंनी जवळ येऊन बघितलं. “आईशप्पत, मी न्हाई लावलं.”

शपथेवर विश्वास ठेवायला अक्षदा अडाणी थोडीच होती! तिने खोबरेल तेलात कापूस बुडवून पुसलं. निघालं नाही; घरचं काजळ चिवटच असतं, तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी काळं तसंच. पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी तिने पाळण्यावर कागद चिकटवला, ‘काजळ लावू नये’, खाली दोन रेघा. अनसाबाईंनी तो दुपारी काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर शेवंतीचं बी वाळत घातलं. दोघींचं बोलणं बंद झालं. म्हणजे अक्षदाचं बंद झालं, अनसाबाई कस्तुरीशी बोलायच्या आणि ऐकायचं अक्षदाने. “तुझी आय लई शिकल्याली हाय गं बाय. तिला सगळं दिसतंय.”

त्याच आठवड्यात अनसाबाई भांडगावला नणंदेकडं हळदीला गेल्या. घरात दोनच माणसं राहिली आणि त्यातल्या एकाला काजळ आणि ग्रीसमधला फरक कळत नव्हता. पहिल्या दिवशी अक्षदाने पुसलं आणि स्वतःशीच म्हणाली, जाताना जादा लावून गेल्यात. दुसऱ्या दिवशी जरा जोर लावून पुसलं, कस्तुरी कळवळून रडली. तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हात धरलं तर काळ्याच्या कडेला हिरवट पिवळं दिसत होतं.

काजळ हिरवं होत नाही, एवढं रसायनशास्त्र अक्षदाला येत होतं.

आठ दिवस तेल लावून ती आपल्या लेकीची जखम घासत होती. तेही फर्स्ट क्लासने.

तेवढ्यात रुपालीताई आली. ती गावातली आशा सेविका, बाळांची वजनं करणारी, नववी शिकलेली. अक्षदाने तिलासुद्धा एकदा तापमापक कसा धरावा ते शिकवलं होतं. रुपालीताईने कस्तुरीला मांडीवर घेतलं, चेहऱ्यासमोर किल्ल्यांचा जुडगा हलवला. मग हळूच तळहाताने तिचा डावा डोळा झाकला. कस्तुरी किल्ल्यांकडे बघत राहिली. हात काढून उजवा झाकला. कस्तुरीने मान फिरवली, हात झटकला, किंचाळून घर डोक्यावर घेतलं. रुपालीताईने पुन्हा डावा झाकला. गप्प. पुन्हा उजवा. पुन्हा किंचाळी.

“अक्षदा, ही नेहमी एकाच बाजूला मान वळवती का गं?”

अक्षदाच्या मोबाईलमध्ये त्या तिरक्या मानेचे चाळीस फोटो होते. खाली लिहिलेलं, ‘माझी हिरोईन पोज देते’.

“हो,” ती म्हणाली.

“आजच्या आज दौंडला डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. उद्या नको.”

सम्राटने फुलांच्या पिकअपमधल्या क्रेट खाली उतरवल्या. दौंडच्या डॉक्टरांनी थेंब घातले, वाट बघितली, कपाळावरचा दिवा लावून भिंग धरून बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाले, “डाव्या डोळ्याच्या आत, मागच्या पोकळीत रक्त उतरलंय. एवढ्या लहान बाळाच्या डोळ्यात रक्त का आलं ते आधी शोधलं पाहिजे. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलला न्या. चिठ्ठी देतो.”

“डॉक्टर, मी तिथं घासत होते,” अक्षदाने सांगून टाकलं. “काजळ समजून.”

“घासून आत रक्त येत नाही. पण आता घासू नका.”

हे दुसरं वाक्य ते उगीच बोलले, असं तिला वाटलं. मग वाटलं, आपल्याला बघून कुणीही बोललं असतं.

पुण्याच्या वाटेवर भांडगाव फाट्याला अनसाबाई उभ्या होत्या. सम्राटने फोन केला होता. हळदीच्या हाताने तशाच आलेल्या, पदराला पिवळे डाग, हातात लाडवाचा डबा. पुढच्या सीटवर चौघं मावली ती कशी मावली कुणास ठाऊक. अनसाबाईंनी कस्तुरीचा पाय हातात घेतला आणि हडपसरपर्यंत सोडला नाही.

हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन झाला, तो स्वच्छ निघाला. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासण्या झाल्या. त्याही नॉर्मल. अक्षदाला हायसं वाटलं, पण तेवढ्यात रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला, सम्राटला आणि अनसाबाईंना समोर बसवलं. बाई वयाने अक्षदाहून फार मोठ्या नसतील.

“रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी डोळ्यात रक्त आहे आणि अंगावर व्रण आहेत. म्हणून मला विचारावंच लागेल. बाळ पडलं होतं का? रागाच्या भरात कुणी जोरात हलवलं होतं? खरं सांगा. कारण कळल्याशिवाय डोळ्याचं ऑपरेशन करता येणार नाही. आणि डोळ्याला वेळ नाही. या वयात डोळा बघायला शिकत असतो. रक्ताचा पडदा महिनोन्‌महिने तसाच राहिला तर नंतर डोळा बरा होऊनही उपयोग नाही, मेंदू त्याला विसरतो.”

डोळा. महिने. विसरतो. अक्षदाच्या डोक्यात हे तीन शब्द फिरत होते आणि तिने तेच केलं जे गेले साडेतीन महिने ती करत आली होती. तिने मान वळवून माणूस शोधला.

“आत्या, तुमच्या हातून पडली का हो? मी पाणी भरायला गेले तेव्हा?”

“अक्षदे!” सम्राट ओरडला.

अनसाबाईंनी त्याला हातानेच गप्प केलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा मांडीवरून उचलून खाली ठेवला आणि डॉक्टरीणबाईंकडे तोंड केलं.

“पडली न्हाई, बाई. पर तुम्ही एक इचारलं न्हाई, आन् मी सांगितलं न्हाई. ह्यो सम्राट माझा थोरला न्हवं. ह्याच्या आदी एक झाला हुता. त्याची बी नाळ पडली आन् बेंबीतनं रगत आलं. ह्या पोरीचं चार दिसात थांबलं, त्याचं थांबलंच न्हाई. बाराव्या दिशी गेला. नाव बी ठिवलं न्हवतं.”

सम्राट आईकडे बघत राहिला. तीस वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

“सगळ्यांनी सुईणीला बोल लावला,” अनसाबाई म्हणाल्या. “म्हणं तिनं नाळ नीट बांदली न्हाई. मी बी लावला. तिच्या दारात जाऊन तळतळाट केला. तिनं पुना गावात कुणाचं बाळंतपण केलं न्हाई. हिच्या बेंबीतनं रगत आलं तवा मला त्योच दिसला. हळद दाबून बसली, काय करू? सांगायला तोंड उगडंना. कुणाची नजर नको म्हणून काजळ पाडलं, तर ही म्हणती इन्फेक्शन.”

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. “आजी, तुमचं लग्न नात्यातच?”

“व्हय. सम्राटचं वडील, वारल्यालं आबा, म्हंजी माझ्या आत्याचा पोरगा.”

“आणि ही तुमची सून?”

“माझ्या भावाची लेक.”

बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढायला घेतले. वंशाचं झाड काढायचं होतं, पण फांद्या वर जायच्याऐवजी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. शेवटी ते झाड न दिसता घेवड्याचा मांडव दिसायला लागलं. अक्षदाला मंडपात डोळे पुसणारे आण्णा आठवले. घरातलं घरातच राहिलं होतं खरं.

“आता मला काय शोधायचं ते कळलं,” बाई म्हणाल्या. “रक्त गोठवणारे बरेच घटक असतात, त्यांना नंबर असतात. तेरावा नंबर कमी असला तर साध्या तपासण्यांत दिसतच नाही. कारण रक्ताची गुठळी होते, वेळेवर होते. फक्त ती पक्की होत नाही, थोड्या वेळाने सुटते. म्हणून बेंबीतून थांबून थांबून रक्त येतं.”

“म्हंजी गजरा ओवला,” अनसाबाई म्हणाल्या, “पर दोऱ्याला गाठ मारली न्हाई.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “अगदी हेच. मी उद्यापासून सगळ्यांना असंच सांगणार.”

अक्षदाने फर्स्ट क्लासमध्ये पास होताना प्रथिनांवर वीस मार्कांचा प्रश्न सोडवला होता. तिला हे सुचलं नव्हतं.

दोन दिवसांनी वेगळी तपासणी आली. कस्तुरीच्या रक्ताची गुठळी एका द्रावणात ठेवली होती, ती टिकली नाही, विरघळून गेली. तेरावा घटक जवळजवळ नव्हताच. आई आणि बाप दोघांकडून अर्धा अर्धा दोष येऊन पोरीच्या अंगात पूर्ण झालेला. “यात कुणाचीही चूक नाही,” बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. अक्षदाला हे पटायला जड गेलं. चूक कुणाचीच नाही, अशी सोय तिच्या डोक्यात आजवर नव्हती.

“आन् औषध?” सम्राटने विचारलं.

“दर चार आठवड्यांनी हा घटक शिरेतून द्यायचा. जन्मभर. पण तेवढं पाळलं तर ही पळेल, खेळेल, शाळेत जाईल. आज पहिला देऊ. डोळ्यातलं रक्त आपोआप ओसरतंय का दोन आठवडे बघू, नाहीतर ऑपरेशन.”

आण्णा शिरूरहून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपल्याकडं असलं कुणालाच न्हवतं.” अनसाबाईंनी नुसतं भावाकडे बघितलं. आण्णा उठून सगळ्यांसाठी चहा आणायला गेले.

त्या संध्याकाळी व्हरांड्यातल्या बाकावर अक्षदा आत्याच्या शेजारी जाऊन बसली. माफी मागायचं भाषण तिने मनात नीट तयार केलं होतं, मुद्द्यांसकट. तोंड उघडलं आणि त्यातलं काहीच आलं नाही. “आत्या गं,” एवढंच आलं, आणि ती अनसाबाईंच्या खांद्यात तोंड खुपसून लहानपणी रडायची तशी रडली.

“पुस डोळं,” अनसाबाई म्हणाल्या. “तुझं कंपनीचं बी गळतंय.”

रक्त ओसरलं नाही. ऑपरेशन झालं, आधी तो तेरावा घटक देऊन. डोळा स्वच्छ झाला, पण डोळ्याच्या डॉक्टरांनी पेढे वाटू दिले नाहीत. “खिडकी पुसून दिलीय,” ते म्हणाले. “आता घरातल्या माणसाने बाहेर बघितलं पाहिजे. रोज दोन तास उजवा डोळा पट्टीने झाका, म्हणजे डाव्याला काम पडेल. ती कशाकडे बघते, कशामागे डोळा फिरवते, ते लिहून ठेवा. महिन्याने या. तोवर मी काहीच सांगू शकत नाही.”

चांगला डोळा झाकायचा आणि अधू उघडा ठेवायचा, हे राहूमध्ये समजावून सांगणं सोपं नव्हतं. फुलं घ्यायला आलेली प्रत्येक बाई सांगून जायची, “अगं, चुकीच्या डोळ्याला लावलीस.” अक्षदा सुरुवातीला सविस्तर समजावायची. चौथ्या दिवसापासून म्हणायला लागली, “हो का? बघते.”

पट्टी लावली की कस्तुरी असा आकांत करायची की शेवंतीत काम करणाऱ्या बाया वाकलेल्या उठायच्या. अक्षदाने मोबाईलवर वाचून काळ्यापांढऱ्या चित्रांची महागडी कार्डं मागवली होती. ससा, गोल, बुद्धिबळाचा पट. कस्तुरी त्यांच्या आरपार बघायची. खुळखुळा वाजवला की मान वळायची, पण ती कानाने. अक्षदा वहीत लिहायची, ‘पहिला दिवस: नाही’. ‘पाचवा दिवस: नाही’. अकराव्या दिवशी तिने ‘नाही’ लिहायचंही सोडलं आणि नुसती रेघ मारली. डोळा उघडा होता, काळाभोर, सुंदर होता. आणि तो कुठंच बघत नव्हता.

सतराव्या दिवशी दुपारी फुलांच्या शेडमध्ये अनसाबाई गजरे ओवत बसल्या होत्या. शेजारी अक्षदा, मांडीवर पट्टी लावलेली कस्तुरी, रडून रडून दमलेली.

“दाखव ती कार्डं,” अनसाबाई म्हणाल्या. त्यांनी ससा लांब धरला, जवळ धरला. “काय गं ह्यात? पोरीला सशाचं काय? तिनं ससा बघितलाय का कवा? तिनं बघितलंय ते तुला.”

“मग?”

“तुझा मोबाईल काय म्हणतुया? काळं आन् पांढरं, मोठ्ठं, ठळक. व्हय ना? ये हिकडं. तोंड वर कर.”

अनसाबाईंनी कोनाड्यातली डबी काढली. अनसाबाई आणि कंपनी. अक्षदाला काय होणार ते कळलं, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीही न समजावता तोंड वर केलं. अनसाबाईंनी बोट बुडवून तिच्या दोन्ही डोळ्यांभोवती काजळ ओढलं. एकदा, दोनदा, जाडजूड, पार गालाच्या हाडापर्यंत. भुवया रंगवल्या. जाता जाता हनुवटीवर एक मोठा ठिपकाही दिला.

“आत्या, मी दिसते कशी?”

“जत्रंतल्या सोंगावानी. गप ऱ्हा, हलू नगं.”

फुलं तोलायला आलेला सम्राट दारातच थांबला, हसावं की काय करावं ते न कळून ताजवा हातात धरून उभा राहिला. अक्षदाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती कस्तुरीवर वाकली, एक वीतभर अंतरावर. बोलली नाही. बांगड्या वर सारल्या, म्हणजे किणकिण होऊन पोरीला कानाने कळू नये.

कस्तुरीचं हुंदके देणं थांबलं. डावा डोळा भटकत होता, छताकडे, कुठंच नाही, पुन्हा छताकडे. मग तो आला आणि अक्षदाच्या चेहऱ्यावर टेकला. सुटला. परत आला. टेकून राहिला.

“सरक,” अनसाबाई कुजबुजल्या. “हळू सरक.”

अक्षदा केसभर उजवीकडे सरकली. डोळा थांबला, मग अडखळत, उशिरा पोहोचणाऱ्या माणसासारखा, मागून आला. ती डावीकडे सरकली. तो आला. तिला श्वास सोडायचा होता, पण तेवढा आवाजही नको होता. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं आणि अनसाबाई आणि कंपनीचा सगळा माल गालांवरून खाली उतरला. कस्तुरी त्या उतरत्या काळ्या ओघळामागेही डोळा घेऊन गेली, हात उचलला आणि आईच्या गालावर थाप मारून पाच काळी बोटं स्वतःच्या तोंडात घालायला निघाली.

“धर! धर तिचा हात!” अक्षदा ओरडली. “इन्फेक्शन!”

अनसाबाईंनी हात धरला. पदराने एकेक बोट पुसत त्या इतक्या हसल्या की गजऱ्याची टोपली कलंडली.

“वही आण,” अक्षदा नवऱ्याला म्हणाली.

सम्राटने वही आणली. तिने सतराव्या दिवसासमोर लिहिलं, ‘हो’. खाली तिच्या बोटाचा काळा ठसा उमटला. तो तिने पुसला नाही.